एका टिंबाचा शंकर

आमच्या नानांनी ३१ वर्षं एका साखर कारखान्यात हिशेब लिहिला. किती पोती निघाली, किती गेली, किती पावसात भिजली आणि किती भिजली असं लिहायचं ठरलं, हे सगळं त्यांच्या खतावणीत असे. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "साखर निघाली." नाना म्हणाले, "निघणारच. उतारा चांगलाच असायचा आमच्याकडे."

तेव्हापासून आमच्याकडे दिवाळीच्या डब्यांची फाळणी झाली. लाडू, करंज्या, अनारसे, चिरोटे पलीकडच्या फडताळात. चिवडा, शेव, चकली, कडबोळी अलीकडच्या. मध्ये सरहद्दीवर काकू. ती दुपारी झोपते तेव्हाही तिचा एक कान फडताळाच्या कडीवर असतो. नानांचे घुसखोरीचे बरेच प्रयत्न तिने उधळून लावले आहेत. एकदा तर चिवड्याच्या डब्यात तळाशी दडवलेले दोन बेसनाचे लाडू तिने निव्वळ वासावरून पकडले.

या सगळ्या बंदोबस्तातून एक पदार्थ मात्र राजरोस सुटायचा. शंकरपाळी. कारण फाळणीनंतरच्या पहिल्याच दिवाळीत नानांनी जाहीर केलं होतं, "हा देवाचा पदार्थ आहे. नावातच शंकर आहे. प्रसादाला पथ्य नसतं."

काकू श्रावणातलेच नव्हे, वर्षाचे बावन्न सोमवार करते. शंकराचं नाव घेतलेल्या बशीला हात आडवा लावायचा तिला धीर होईना. मग देवापुढे चार शंकरपाळ्या ठेवायच्या, नानांनी हात जोडायचे आणि डबाभर प्रसाद घ्यायचा, अशी प्रथा पडली. ती बरीच वर्षं चालली. ती मोडण्याचं पाप माझं.

मला शब्दांची मुळं बघायची खोड आहे. झाडांची आवड असलेला माणूस झाडाला पाणी घालतो. शब्दांची आवड असलेला ते उपटून खाली काय आहे ते बघतो. गेल्या दिवाळीत नाना ‘प्रसाद’ घेत असताना मी त्यांच्या बशीकडे बघत म्हणालो, "नाना, यात शंकर नाहीच मुळी. तो शकर आहे."

नानांचा हात बशी आणि तोंड यांच्या मध्यावर थांबला. स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाजही थांबला.

"काय आहे?" काकूने आतून विचारलं.

इथे शहाण्या पुतण्याने "काही नाही" म्हणायला हवं होतं. पण व्युत्पत्ती आणि शिंक आली की थांबवता येत नाही. मी सांगून टाकलं. फारसीत ‘शकर’ म्हणजे साखर आणि ‘पारा’ म्हणजे तुकडा. शकरपारा, साखरेचा तुकडा. उत्तरेत अजून त्याला शकरपाराच म्हणतात. गुजरातेत शक्करपारा. तो महाराष्ट्रात आला आणि त्याचा शंकरपाळा झाला.

"पारा म्हणजे तो थर्मामीटरमधला?" नानांनी वेळ काढायला विचारलं.

"तो संस्कृतातला पारद. हा वेगळा. कुराणाचे वाचनासाठी तीस भाग करतात, त्यालाही सिपारा म्हणतात. सी म्हणजे तीस, पारा म्हणजे भाग."

"म्हणजे इतकी वर्षं," काकू दारात येऊन म्हणाली, "हे साखरेचे तुकडे खातायत?"

थर्मामीटरमधला पारा काय करतो ते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

आता नानांची बाजूही समजून घ्यायला हवी. आपल्या फराळातली बहुतेक नावं सरळ असतात. चकली चक्रासारखी, म्हणून चकली. करंजी करंजाच्या शेंगेसारखी. करंजाची शेंग ज्याने पाहिली आहे त्याला हे पटवून द्यावं लागत नाही; तशीच चपटी, तशीच अर्धचंद्राकडे झुकलेली, टोकाला तशीच किंचित मुरड. आत बहुधा एकच बी. काही घरांतल्या करंजीत एकच बेदाणा निघतो, तिथे व्युत्पत्ती अधिक काटेकोरपणे पाळलेली असते. तेव्हा ज्याच्या नावात शंकर आहे त्यात शंकर असावा, अशी समजूत नानांनी करून घेतली, तर त्यांचं काय चुकलं?

पण ज्या शब्दाखाली हे सगळे नांदतात तो ‘फराळ’ शब्दच घ्या. फराळ म्हणजे मूळचा फलाहार. उपासाला फळं खायची, तो फलाहार. दिवाळीच्या फराळाच्या ताटात आजवर मला एकही फळ सापडलेलं नाही. चिवड्यातल्या खोबऱ्याच्या कापांना फळ म्हणायचं असेल तर गोष्ट वेगळी. उपासाच्या फळांपासून निघालेला शब्द तळणीच्या कढईत येऊन पडला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. नावावर जाऊन पथ्य ठरवायचं तर नानांनी सगळाच फराळ फलाहार म्हणून खाल्ला असता. हा मुद्दा त्यांना तेव्हा सुचला नाही, म्हणून मी तो त्यांच्यासमोर काढलाही नाही.

त्याऐवजी त्यांनी स्वतःच्या व्युत्पत्त्या काढल्या. माणूस पाठीला भिंत लागली की वकील होतो किंवा भाषाशास्त्रज्ञ.

पहिली व्युत्पत्ती आकाराची. "ही बघ. उभी धर. शंकराचा तिसरा डोळा. दुसरं काय दिसतंय?" मला समभुज चौकोन दिसत होता. आमच्या शाळेत गणिताचे मास्तर समभुज चौकोन शिकवताना फळ्यावर आकृती काढून "शंकरपाळी आठवा" एवढंच म्हणत आणि पुढचा तास वर्गाला दुसरं काही आठवत नसे.

दुसरी व्युत्पत्ती पौराणिक होती आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगली होती. समुद्रमंथनात रत्नं निघाली, ती ज्याची त्याने उचलली. लक्ष्मी विष्णूकडे, ऐरावत इंद्राकडे. शंकराच्या वाट्याला हलाहल. ते पिऊन झाल्यावर बाकीच्या देवांना लाज वाटली. म्हणाले, याचं तोंड गोड करा, आता याची पाळी. "शंकराची पाळी. शंकरपाळी." नाना विजयाने मागे टेकले. हलाहलावर उतारा म्हणून मैदा, तूप आणि साखर देणं हे वैद्यकाला धरून आहे का, हा प्रश्न मी विचारला नाही. गळा निळा होण्याचं दुसरं कारण सापडायचं.

तिसऱ्या व्युत्पत्तीत कानाची पाळी आणि शंकराची कुंडलं यांचा काही संबंध होता. पण तोवर काकूने बशी उचलली होती.

मी पुरावा म्हणून फारसी-मराठी कोश आणला. माधवराव पटवर्धनांचा, १९२५ सालचा. म्हणजे कवी माधव जूलियन यांचा. नानांनी तो उघडला नाही. त्यावर चहाचा कप ठेवला. "कवी माणूस," ते म्हणाले, "प्रेमात पडलेला असेल तेव्हा."

वादात माझी बाजू पक्की असली तरी मला मनातून नानांचा शंकरच आवडत होता. कारण ही चूक साधीसुधी नाही. ‘शकर’ शब्दावर एक टिंब दिलं की ‘शंकर’ होतो. बस, एवढंच. इराणातून आलेल्या एका पाहुण्याच्या कपाळाला कुणीतरी टिकली लावली आणि त्याला घरात घेतलं.

शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला. त्यासाठी पंडित बसवले, दहा वर्ग केले, त्यातला एक तर खाण्यापिण्याचा आणि उपभोगाचा ‘भोग्यवर्ग’. केवढा खटाटोप. तेच काम इकडे कुठल्या तरी माजघरात, पोळपाटावर, पिठाने भरलेल्या एका बोटाने झालं. त्या बाईला आपण फारसी शब्द हटवतोय याचा पत्ता नव्हता. तिला फक्त ‘शकर’ हे काय असतं ते कळेना आणि शंकर तर कोपऱ्यावरच्या देवळातच होता. गावात अनोळखी माणूस आला की आपण "पाव्हणं, कोण गावचं?" म्हणून विचारतो आणि तो काही बोलायच्या आत, तो आपल्या कुठल्या मावशीच्या नणंदेच्या गावचा हे ठरवून टाकतो. शब्दांचंही आपण तेच करतो. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. नाव भारदस्त आहे, धंदा सोयरिकीचा आहे.

आणि टिंब काही आकाशातून पडलं नाही. मराठी जिभेला नाकात बोलायची हौस जुनीच. संस्कृतातल्या मार्जाराचं आपण मांजर केलं; त्या टिंबाबद्दल मांजराने कधी तक्रार केली नाही. ‘पारा’चा ‘पाळा’ होणं तर त्याहून सोपं. र-ला घरी बोलवायचं आणि ळ करून पाठवायचं, ही आपली रीत. हरिद्रेची हळद केली, अंगाराचा इंगळ केला, चत्वारिंशतचे चाळीस केले. हळदीवाचून ज्यांचं पान हलत नाही त्यांनी पाराचा पाळा केला तर नवल काय?

कर्नाटकात पुष्कळ घरांत हीच वस्तू ‘शंकरपोळी’ होते. म्हणजे शंकर कायम, पण पाळीचा अर्थ लागेना म्हणून त्यांनी तिथे पोळी घातली. आपण पाहुण्याचं पहिलं नाव बदललं, त्यांनी आडनावही बदललं.

शकरसुद्धा मूळचा इराणी नाही, ही यातली खरी गंमत. संस्कृतातली ‘शर्करा’ इथून इराणात गेली आणि तिचा शकर झाला. शकर अरबांकडे गेला, सुक्कर झाला. इटलीत झुक्केरो, फ्रान्सात सुक्र, विलायतेत शुगर. रशियात तर सा-खर. मॉस्कोतला माणूस चहात काय हवं म्हणून विचारल्यावर जे सांगेल ते आमच्या काकूला दुभाष्याशिवाय कळेल आणि ती डबा पुढे करेल. अट एकच, त्याला शुगर नसावी. डॉक्टर नानांना ज्या गोळ्या चहात टाकायला सांगतात त्यांच्या पूर्वजाचं, १८७९ साली सापडलेल्या सॅकरिनचं, नावही याच घराण्यातलं. म्हणजे साखर सोडा म्हटलं तरी शर्करा काही सोडत नाही.

या शर्करेचा पूर्वी फार दबदबा होता. सिकंदराबरोबर इकडे आलेल्या निआर्कस नावाच्या दर्यासारंगाने नोंदवून ठेवलं होतं की या देशात मधमाश्यांशिवाय वेताच्या कांड्यातून मध निघतो. बिचाऱ्याने ऊस पाहिला होता. आज त्याला आमच्या जिल्ह्यात आणलं असतं तर मधमाश्यांशिवाय मध आणि मधाशिवाय न होणारी निवडणूक, दोन्ही पाहायला मिळालं असतं. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटवलं आणि तेव्हापासून या राज्यात साखरेचं नाव घेतल्याशिवाय मंत्रिमंडळाचा फोटो पुरा होत नाही. अशा राज्याने एका पदार्थाच्या नावातून साखर काढून तिथे देव बसवला. नाना म्हणतात, "हे कारखान्यात नेहमीचं आहे. पोतं साखरेचं, नाव देवस्थानाचं."

शर्करा इथून गेली ती गेली, परत आली ती फारसी पोशाखात, हातात ‘पारा’ घेऊन. आणि आपण तिला ओळखलंच नाही. पोरगी पंचवीस वर्षांनी परदेशातून माहेरी यावी आणि आजीने दारातच "कोण तू? शंकररावांची का?" म्हणून विचारावं, असं झालं. तिची दुसरी बहीण, खंड. तीही अशीच गेली आणि ‘कंद’ होऊन परतली. गुलकंदातला कंद तो. गुल म्हणजे गुलाब तिकडचा, कंद म्हणजे खंड इकडची. इंग्रजीतली कँडी तीच. गोड पदार्थांच्या ताटात बसल्यावर इकडचा कोण आणि तिकडचा कोण हे ठरवायला बसू नये. बर्फीतला बर्फ फारसी, हलवा अरबी, जिलबीही त्याच वाटेने आलेली. पंगतीत वाढताना ‘जिलबी पुन्हा फिरवा’ म्हणणारा माणूस भाषाशुद्धीच्या सभेत अध्यक्ष असतो, तेही मी पाहिलं आहे. सभा जेवणानंतर होती.

इतकं सगळं मी काकूला सांगितलं. तिने शेवटी एकच विचारलं, "मग त्या शर्करेचा मूळ अर्थ काय?"

मूळ अर्थ खडे. वाळू, रेती, बारीक खडे. पाणिनीने वाळू आणि शर्करा एका सूत्रात जोडीने बसवल्या आहेत. आयुर्वेदात लघवीतून खडे पडतात त्यालाही शर्करा म्हणतात. उसाचा रस आटवून जे खडे मिळाले ते दिसायला तसेच म्हणून त्यांनाही तेच नाव पडलं. तेव्हा शंकरपाळी म्हणजे खड्यांचा तुकडा.

काकू गप्प झाली. कारण त्या वर्षीची शंकरपाळी तिच्या धाकट्या जावेने, म्हणजे माझ्या आईने केली होती आणि ती खरोखरच तशी झाली होती. आईने मोहन कमी घातलं होतं. नानांच्या शेजारच्या बशीतली एक शंकरपाळी मी तोंडात टाकली आणि पाणिनी दाताखाली आला.

शंकरपाळीचं तंत्र फसवं आहे. कृती विचारा, कुणीही सांगेल: एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, एकत्र कोमट करायचं, साखर विरघळली की उतरवायचं आणि गार झाल्यावर त्यात ‘बसेल तेवढा’ मैदा. सगळ्या मराठी पाककृतींची इमारत या ‘बसेल तेवढा’वर उभी आहे. तीन वाट्या मोजून मापून घ्यायच्या आणि चौथ्या गोष्टीशी, म्हणजे जिच्यावर सगळं अवलंबून आहे तिच्याशी, बसेल तेवढा असा एस.टी.च्या कंडक्टरसारखा व्यवहार करायचा. तूप जास्त झालं तर शंकरपाळी कढईत पडताच भुगा होऊन पसरते आणि तेलाचा गाळ होतो. अनारसा असा पसरला की ‘अनारसा हसला’ म्हणतात. शंकरपाळी पसरली तर घरात कुणी हसत नाही. तूप कमी पडलं तर दगड. आच मोठी झाली तर बाहेरून तांबूस, आतून कच्ची. मंद आचेवर, पापुद्रे सुटतील इतक्या धीराने तळावी लागते आणि हा धीर दिवाळीच्या आदल्या रात्री साडेअकराला कुणाकडे असतो?

शिवाय कापण्याचा प्रश्न. पोळी लाटायची गोल, कापायची तिरकी. कातण फिरवली की मधे देखणे समभुज चौकोन आणि कडेला तिकोनी, चंद्रकोरी, आणि ज्यांना भूमितीत नाव नाही असे तुकडे. आमच्याकडे मधले पाहुण्यांना आणि कडेचे पोरांना. लहानपणी माझी अशी ठाम समजूत होती की मधली शंकरपाळी आणि कडेचा तुकडा हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि मोठेपणी नोकरी लागली की मधली मिळायला लागते. फारसीचा या बाबतीत मोठेपणा आहे. पारा म्हणजे तुकडा, मग मधला असो की कडेचा. ही समता आपण ‘पाळी’ केल्यावर हरवली.

आणि व्याकरण! ते शंकरपाळे, अनेकवचन ती शंकरपाळी. ती शंकरपाळी, अनेकवचन त्या शंकरपाळ्या. म्हणजे "ती शंकरपाळी खाल्ली" असं कुणी म्हणालं, तर एक खाल्ली की डबा संपवला हे वाक्यावरून कळत नाही. नानांनी या संदिग्धतेचा कित्येक वर्षं फायदा घेतला. काकू विचारायची, "काय खाल्लं?" "ती शंकरपाळी," नाना खरं तेच सांगायचे.

नंतर पुष्ट्यर्थ म्हणून माझ्या भाच्याने इस्तंबूलहून फोटो पाठवला. तो कामानिमित्त गेला होता. दुकानाच्या काचेमागे पाटी: शेकेरपारे. नाव तेच, सख्खं. पण काचेमागची वस्तू गोल, गुबगुबीत, रव्याची, वर एक बदाम खोचलेला आणि पाकात बुडालेली. ती तळतही नाहीत, भट्टीत भाजतात. नानांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "ही शंकरपाळी नाही. ही बालुशाहीची सुखवस्तू चुलतबहीण आहे." मग हळूच, "हिच्यात साखर किती असेल रे?"

त्रिनिदादमध्ये काय झालं तेही मी सांगितलं. १८४५ पासून बिहार आणि उत्तर प्रदेशातले मजूर करारावर तिथे नेले गेले, उसाच्याच मळ्यांत राबायला. त्यांच्याबरोबर मैद्याच्या तळलेल्या, साखरेत घोळवलेल्या कांड्या गेल्या. तिथे त्यांना कुरमा म्हणतात. आपल्याकडचा खुरमा तो. आणि फारसीत खुरमा म्हणजे खजूर. म्हणजे साखरेसाठी समुद्र ओलांडलेल्या माणसांनी साखरेच्याच मिठाईला नाव ठेवलं खजुराचं. नाना हे ऐकून कारखान्याच्या गेटवर ट्रकमधून उतरणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या गोष्टी सांगत राहिले. थंडीत पहाटे तीनला कोयते घेऊन उतरणारी ती माणसं, त्यांची ओसरीवर झोपलेली पोरं. दिवाळी त्यांची गाडीतच व्हायची, कारण हंगाम तेव्हाच सुरू होतो. कागदात बांधून नेलेली शंकरपाळी त्या पोरांना नाना वाटायचे. कडेची नाही, मधली. हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. त्या दिवशी वाद तिथेच थांबला.

या वर्षी मात्र नानांनी तयारीने मैदान मारलं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर ते पुढ्यात डबा घेऊन बसलेले, झाकण उघडं, काकू समोर आणि चेहऱ्यावर पाऱ्याची हालचाल नाही. मी डब्यात डोकावलो. शंकरपाळी! मी काकूकडे पाहिलं.

"खारी आहेत," ती म्हणाली. "ओवा, जिरं, मीठ."

आणि नाना म्हणाले, "बस. आता तुझा फारसी कोश काढ. शकर म्हणजे काय?"

"साखर."

"यात साखर आहे?"

"नाही. खारी आहेत ना."

"मग या डब्यात शकर नाही. बरोबर?"

"बरोबर."

"पण नाव काय याचं?"

"खारी… शंकरपाळी."

"शकर काढून घेतला," नाना एकेक शब्द खतावणीत लिहावा तसा म्हणाले, "तरी नाव टिकलं. मग शिल्लक कोण राहिला?"

मी निरुत्तर झालो. खरं तर हाच माझा पुरावा होता. उत्तरेत या खाऱ्या तुकड्यांना नीट, प्रामाणिकपणे नमकपारा म्हणतात. गोड तो शकरपारा, खारा तो नमकपारा. तिथे कानाला अजून साखर ऐकू येते. आपण ‘खारी शंकरपाळी’ म्हणतो, मूळ शब्द लावून बघितला तर ‘खारी साखर’ आणि कुणाच्या कानाला खडा लागत नाही. त्यावरूनच सिद्ध होतं की मराठी माणूस शकर कधीच विसरला. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण नानांनी त्याच वस्तूने त्याच्या बरोबर उलट सिद्ध केलं होतं आणि काकू त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होती की मला कोश पिशवीतून काढवेना.

"शंकरच राहिला की," काकू म्हणाली. तिने देवापुढच्या चार उचलून नानांच्या बशीत ठेवल्या. वर आणखी मूठभर घातल्या.

नानांनी हात जोडले. पहिली शंकरपाळी तोंडात टाकली. डोळे मिटले. मग एक उघडला.

"अहो, काय झालं?" काकूने विचारलं.

"काही नाही. छान झालीत. जरा…"

"चिमूटभर साखर घातलीय हो," काकू म्हणाली. "चवीला. खाऱ्यात घालावीच लागते, नाहीतर रंग येत नाही."

मी नानांकडे पाहिलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. पाहता पाहता दुसरी शंकरपाळी उचलली, कडेची होती, तिकोनी, तिला नीट निरखलं.

"चिमूटभर म्हणजे किती असेल?" ते म्हणाले. "टिंबाएवढी." आणि खाल्ली.